थरथर कोणाची

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. माझे हात थरथरत नाहीत. गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, आणि ते मी धरलेलं असल्यामुळे हात त्याच्याबरोबर हलतात. झोपाळ्यावर बसलेला माणूस हलतो म्हणून त्याला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. मला नेलं. नेणारं कोणी परकं असतं तर मी दुर्लक्ष केलं असतं, पण ती माझी मुलगी होती.

त्या दिवशी मी तिला तिच्या घरी सोडायला निघालो होतो. उतारावर सिग्नल लागला, मी ब्रेक दाबला, आणि पुढच्या चाकांना हुडहुडी भरावी तसं स्टिअरिंग थडथडायला लागलं. गाडी थांबली. मुलगी माझ्या हातांकडे बघत होती. चाकांकडे नाही, हातांकडे. उतरताना फक्त म्हणाली, "बाबा, पोचलात की फोन करा." हे वाक्य आजवर आमच्या घरात आम्ही तिला म्हणत आलो होतो.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. जावई स्वभावाने चांगले आहेत, पण काळजीसुद्धा फाइलीसारखी करतात: विषय, संदर्भ, निर्णय. विषय, माझे हात. संदर्भ, उतारावरचा सिग्नल. निर्णय असा की, मी गाडी चालवणं थांबवावं आणि गाडी विकून टाकावी. त्यांच्या ऑफिसातले एक सहकारी अशीच जुनी पण नीट ठेवलेली गाडी शोधत होते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते बघायला येतील, असंही परस्पर ठरून गेलं होतं.

आता ही गाडी कागदावर माझी आहे, पण ती पसंत केली हिने, रंग निवडला हिने आणि चालवलीही हिनेच. हिचा गुडघा दुखायचा म्हणून क्लच नसलेली, आपली आपण गिअर बदलणारी गाडी घेतली. मी शेजारी बसायचो आणि पायाखालच्या मॅटवर ब्रेक दाबायचो. शेजारी बसणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला तिथे एक ब्रेक असतो. तो कंपनी बसवून देत नाही, एवढंच. ही समोरची नजर न काढता विचारायची, "अहो, लागला का तुमचा? मग आता मी माझा लावते."

गेल्या हिवाळ्यात ही गेली. मुलीने हिचं कपाट आवरलं, मी आवरू दिलं. हिचा चष्मा कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणाली, मी तोही दिला. पण गाडी मी देणार नव्हतो. तेव्हा मला एकच काम उरलं. त्या रविवारच्या आत सिद्ध करायचं, की थरथर गाडीची आहे.

पहिली फेरी डॉक्टरकडे. त्यांनी मला हात पुढे करायला लावून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद हलला नाही. मी विजयाने मुलीकडे पाहिलं. तेवढ्यात डॉक्टरांनी पंखा लावला आणि कागद उडाला. "वयाचं थोडंफार असतंच," डॉक्टर म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या उडालेल्या कागदाची जबाबदारी पंख्याने घेतली नाही, डॉक्टरांनीही घेतली नाही. ती माझ्यावरच राहिली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना मी मनातल्या मनात 'सल्लागार मंडळ' म्हणतो, कारण ते एकटे असले तरी सल्ले पाच जणांचे देतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांना जिन्यातच बातमी लागली होती. हातांच्या थरथरीवर त्यांनी प्रथम एक तेल सुचवलं, मग एक व्यायाम सुचवला आणि शेवटी, उतरता उतरता, अगदी सहज म्हणाले, "ब्रेक दाबल्यावरच होतं ना? मग डिस्क बघा." चाकाच्या आत एक लोखंडी थाळी असते, ब्रेक दाबला की दोन बाजूंनी गुटके येऊन तिला आवळतात, आणि थाळी वाकडी असली की सगळी गाडी थडथडते, हे त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून जिन्यात करून दाखवलं. एवढी महत्त्वाची गोष्ट त्यांनी तेलाच्या नंतर का सांगितली, हे विचारायचं मी टाळलं.

गॅरेजवाल्याला आमच्याकडे सगळे 'होऊन जाईल' म्हणतात. त्याला गाडी नेऊन दाखवा, फोनवर सांगा, नुसतं लांबून हात करा, उत्तर एकच. मी म्हणालो, स्टिअरिंग थरथरतं. तो म्हणाला, होऊन जाईल. मी म्हणालो, ते आधीच होतंय, ते थांबवायचं आहे. तेव्हा कुठे त्याने चाक काढलं.

आतली डिस्क पाहून मला खरोखर वाईट वाटलं. चकचकीत असायची ती कडेला निळी-जांभळी पडली होती, गॅसवर विसरून राहिलेल्या तव्यासारखी. 'होऊन जाईल'ने तिच्यावर नख वाजवलं. "काका, हा माल आहे का? हा पत्रा आहे. असला माल कोणी टाकला?"

"तुम्हीच. मागच्या वर्षी. हिने तुमच्याकडूनच बदलून घेतली होती."

त्याने डिस्क उलटी करून पाहिली. "त्या वेळी मालच तसा येत होता," तो म्हणाला. माणसाने स्वतःवरचा आरोप इतक्या थोड्या शब्दांत बाजाराकडे वळवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नव्या डिस्क बसल्या, नवे गुटके बसले. मी त्याला आधीच एक अट घातली होती, की चालवणाऱ्याच्या सीटला हात लावायचा नाही. तिच्या खाली एक लोखंडी दांडी आहे. ती उचलली की सीट मागेपुढे होते, आणि ती उचलायची नाही. 'होऊन जाईल' भरल्या अंगाचा माणूस आहे. तो कसाबसा आत शिरला, स्टिअरिंग पोटात रुतलं, गुडघे कानाशी आले, आणि गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन तो श्वास घ्यायला बाहेर पडला. "ट्रायल झाली काका. एकदम लोणी." मीही त्याला आणखी त्रास दिला नाही.

आणि गाडी खरंच लोण्यासारखी चालली. मी मुलीला फोन करून सांगितलं, की तुझे बाबा दुरुस्त झाले, डिस्क बदलल्या. ती हसली नाही. म्हणाली, बघू. म्हणून पुढच्या आठवड्यात मी तिला मुद्दाम त्याच उतारावर घेऊन गेलो. वाटेत तिचे डोळे फोनवर होते. सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंग थडथडलं. पूर्वीपेक्षा बारीक, पण थडथडलं. मुलीने मान वर करून पुन्हा माझ्या हातांकडे पाहिलं. मग खिडकीची काच खाली केली आणि बराच वेळ बाहेर बघत बसली. मी तिला म्हणालो, "माल खराब आहे." ती म्हणाली, "हो बाबा." लहानपणी ती पडली, की मी जमिनीला चापट मारून तिची समजूत काढायचो, तसं ते 'हो बाबा' होतं. फक्त या वेळी जमिनीला चापट तिने मारली होती.

मग मात्र माझा संताप संताप झाला. मी ठरवलं, की डिस्क या विषयाचा छडा लावायचा.

स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मला विचारलं, चांगली हवी, बरी हवी की ओरिजनल हवी. मी विचारलं, ओरिजनल चांगली नसते का? तो म्हणाला, चांगली ओरिजनलपेक्षा चांगली असते, पण ती ओरिजनल नसते. मग बरी कशी असते? बरी म्हणजे लोक नेतात ती. मी दोन डिस्क शेजारीशेजारी ठेवून फरक दाखवायला सांगितलं. त्याने दोन खोकी शेजारीशेजारी ठेवली. एका खोक्यावर चमकणारा शिक्का होता. "हा शिक्का म्हणजे ओरिजनल." मी विचारलं, शिक्का ओरिजनल कशावरून? दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी एका सुखी संसारात विष कालवतोय.

खोक्यावर लिहिलं होतं, की दोष आढळल्यास माल बदलून मिळेल. गाडीतून आधी काढलेली ती निळी पडलेली डिस्क अशाच खोक्यातून आलेली होती. म्हणून मी ती कापडी पिशवीत घालून कंपनीच्या कार्यालयात गेलो. या थाळीचं वजन नवऱ्याने एकदा उचलून बघावं, मग बायकांना भाजीची पिशवी जड का वाटते ते कळेल. दुसऱ्या जिन्यावर पिशवीचा बंद तुटला आणि डिस्क घरंगळत खाली गेली, ती थेट पहारेकऱ्याच्या खुर्चीपर्यंत. त्याने पाय वर घेतले आणि माझं नाव, पत्ता आणि लोखंड आणण्याचं कारण विचारलं. मी सांगितलं, तक्रार. त्याला ते कारण पटलं. बहुतेक तक्रारी तिथे अशाच खाली घरंगळत येत असाव्यात.

वरच्या खिडकीतल्या बाईंना डिस्क नको होती. त्यांना गॅरेजचं प्रमाणपत्र हवं होतं, की डिस्क नीट बसवली होती आणि तरीही गाडी थरथरते. मी परत गॅरेजला गेलो. 'होऊन जाईल'ने अर्धा दिवस लावून प्रमाणपत्र लिहिलं: 'डिस्क आम्ही नीट बसवली. गाडी थरथरते असे काका म्हणतात.' मी म्हणालो, 'असे काका म्हणतात' काढा. तो म्हणाला, मी स्वतः पाहिलेलं नाही काका, खोटं कसं लिहू? सबंध आयुष्यात त्याला सत्याची उबळ आली ती नेमकी त्या दिवशी.

कंपनीने डिस्क तपासली. म्हणजे एका चष्मेवाल्या गृहस्थाने ती उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघता शेरा मारला: 'अति उष्णतेमुळे वाकली. कारण चालकाच्या सवयी. बदलून मिळणार नाही.'

चालकाच्या सवयी. मी त्या दोन शब्दांकडे बघतच राहिलो. माझ्या सवयी या माणसाला काय माहीत? मी पहाटे उठतो. तंबाखूला हात लावलेला नाही. वर्तमानपत्र वाचून घडी घालून ठेवतो, आणि घडी मूळ घडीवरच घालतो. हिला माझी एकच सवय खटकायची, ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची, आणि त्याने लोखंड वाकल्याचं ऐकिवात नाही. गाडी मी इतकी हळू चालवतो, की एकदा एका सायकलवाल्याने मागून येऊन मला विचारलं, बंद पडली का. मी त्यांना म्हणालो, तुमचा माल वाकतो आणि तुम्ही माझ्या वागणुकीचा दाखला काढता? त्यांनी पुढच्या माणसाची डिस्क उजेडात धरली.

एवढ्यावर भागलं नाही. सल्लागार मंडळाने गॅलरीतून एक नवीन निरीक्षण केलं. माझ्या गाडीचे मागचे लाल दिवे चालत्या गाडीत सतत लागलेले असतात. ब्रेकचे दिवे ब्रेक दाबल्यावरच लागायला हवेत. म्हणजे वायरिंगमध्ये घोटाळा आहे. मला ते पटलं. एव्हाना या गाडीबद्दल मला काहीही पटत होतं. वायरमनने डॅशबोर्डखाली डोकं घातलं, एक वायर ओढली आणि दिवे कायमचे विझवले. दुसऱ्याच दिवशी चौकात हवालदाराने थांबवलं, की ब्रेकचे दिवे लागत नाहीत. मी त्याला सांगितलं, कालपर्यंत लागत होते तेव्हा लोकांची तक्रार होती. समाजाने एकदा काय ते ठरवावं. त्याने पावती फाडली. मी वायरमनकडून वायर पुन्हा जोडून घेतली, आणि दिवे पुन्हा सतत लागू लागले.

शेवटच्या रविवारच्या दोन दिवस आधी मी स्वतः उभा राहून तिसऱ्यांदा डिस्क बसवून घेतल्या. या वेळी 'चांगल्या'. शिक्का नसलेल्या, पण ओरिजनलपेक्षा चांगल्या. शुक्रवारी गाडी शांत होती. शनिवारी मी बाजारात जाऊन आलो, आणि आमच्या गल्लीच्या वळणावर स्टिअरिंगला पुन्हा बारीक शहारा आला. मी गाडी लावली आणि आतच बसून राहिलो. माझ्या हातांकडे पाहिलं. गाडी बंद होती. हात स्टिअरिंगवर होते. खरं सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची शंका आली.

रविवारी सकाळी मुलगी, जावई आणि ते सहकारी आले. सहकारी उंच, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरला बुटाने हळूच ढोसलं, जसं प्रत्येक गिऱ्हाईक ढोसतं आणि ज्याने आजवर कोणाला काहीही कळलेलं नाही. मी चावी दिली. त्यांनी दार उघडलं, एक पाय आत टाकला, गुडघा स्टिअरिंगला आपटला. साहजिकच त्यांनी वाकून सीटखाली हात घातला.

"सीटला हात लावायचा नाही."

मी एवढ्या मोठ्याने बोललो हे मला वरच्या गॅलरीत सल्लागार मंडळ बाहेर आलं तेव्हा कळलं. सहकारी तसेच वाकलेले राहिले. जावयांनी मुलीकडे पाहिलं. विषयाला नवा संदर्भ मिळाला होता.

मुलगी गाडीपाशी आली. तिने त्या गृहस्थांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा बरं. रोज बसता तसे."

मी बसलो. बसणं म्हणजे आधी मान वाकवायची, मग उजवा पाय, मग पोट आत घ्यायचं आणि डावा पाय हाताने उचलून आत ठेवायचा. मला त्याची सवय झाली होती. मुलगी उघड्या दारात उकिडवी बसली आणि माझ्या पायांकडे बघायला लागली. हातांकडे नाही.

"आईनंतर तुम्ही ही सीट एकदाही मागे घेतली नाहीत?"

"कशाला घ्यायची? तिने लावलेली आहे."

"ती तुमच्या खांद्याएवढी होती, बाबा."

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

"डावा पाय कुठे ठेवता?"

"या गाडीत डाव्या पायाला काही काम नाही. जागा असेल तिथे ठेवतो."

"जागा कुठे आहे?"

मी खाली पाहिलं. गुडघा डॅशबोर्डला टेकलेला, टाच मागे घ्यायला वाव नाही, आणि पाऊल आरामात, एखाद्या पाटावर ठेवावं तसं, ब्रेकवर ठेवलेलं.

गॅलरीतून आवाज आला, "दिवे लागलेत." सल्लागार मंडळाने उभ्या आयुष्यात दिलेली ही एकच माहिती वेळेवर होती.

म्हणजे गेले कित्येक महिने मी उजव्या पायाने गाडी पुढे नेत होतो आणि डाव्या पायाने तिला धरून ठेवत होतो. डिस्क बिचाऱ्या दिवसभर आवळलेल्या, तापायच्या, निळ्या पडायच्या आणि वाकायच्या. 'बरी', 'ओरिजनल' आणि 'चांगली', तिन्ही एकाच पायाखाली गेल्या होत्या. सहकारी सभ्यपणे म्हणाले, की गाडी छान आहे, पण ते जरा विचार करतील. विचार करत ते फाटकापर्यंत गेले ते परत आले नाहीत.

मुलगी मात्र तिथेच बसून होती. "म्हणजे तुमचे हात थरथरत नाहीत," ती म्हणाली.

"मी पहिल्या दिवसापासून दुसरं काय सांगतोय?"

तिने डोळे पुसले, की हसली, मला नीट दिसलं नाही, कारण माझी मान वाकडी होती. मग तिने पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. सीटखाली जो लोखंडी रूळ असतो, त्यावर सीट होती त्या जागी लाल रेघ ओढली. फुंकर मारून ती वाळवली. "ही आईची जागा," ती म्हणाली. "आता सीट कितीही मागे न्या. परत इथेच आणता येईल."

दांडी मी स्वतः उचलली. ती गंजली होती, पहिल्यांदा हललीच नाही. मग एकदम खडखडून सुटली आणि मी सीटसकट मागे गेलो. माझा पाय ब्रेकवरून निघाला. दिवे विझल्याचं वरून जाहीर झालं. मला पाय लांब करता येत होते, आणि स्टिअरिंग हाताच्या अंतरावर होतं, आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. मी थोडा वेळ तसाच बसलो. कोणी घाई केली नाही, जावयांनीसुद्धा.

आता चौथ्या डिस्क बसल्या आहेत. कोणत्या, ते मी विचारलं नाही. त्या उतारावर मी मुद्दाम जाऊन ब्रेक लावून येतो. स्टिअरिंग हलत नाही, हात हलत नाहीत. जावयांनी विषय बंद केला आहे. कंपनीला मी कळवलं आहे, की सवयीचा आरोप मला डाव्या पायापुरताच मान्य आहे, उजवा पाय आणि बाकीचा मी यांचा त्याच्याशी संबंध नाही. उत्तर आलेलं नाही. तीन प्रकारच्या डिस्कमध्ये खरा फरक काय, हेही मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि ते मी सोडणार नाही.

दर रविवारी मुलगी येते. तेव्हा ती चालवते. सीट लाल रेघेवर आणते आणि बसते. तिला ती बरोबर होते, आरसासुद्धा हलवावा लागत नाही. मी शेजारी बसतो. ती भरधाव नेते, अगदी समोरच्या गाडीला चिकटेपर्यंत ब्रेक लावत नाही, आणि मी माझ्या पायाखालची मॅट जीव खाऊन दाबतो. तिथे पाऊलभर जागा झिजून दोरे निघाले आहेत. इतकी वर्षं रोज वापरात आहे, पण त्या ब्रेकची डिस्क मात्र आजवर एकदाही बदलावी लागलेली नाही.